१८८२चा चिनी बंदी कायदा: मजुरीसाठी की मतांसाठी?

ओसरीवाला: अमेरिकेने १८८२ साली चिनी मजुरांना दहा वर्षं बंदी घातली, ती म्हणे गोऱ्या कामगारांची मजुरी वाचवायला. मला नाही पटत. १८८०च्या जनगणनेत पाच कोटींमध्ये चिनी होते जेमतेम एक लाख पाच हजार. खरी गोम मतांत. दोन्ही पक्ष तुल्यबळ, इकडची चार मतं तिकडे गेली की राज्य गेलं. १८८०च्या ऑक्टोबरात, मतदान तोंडावर असताना, अध्यक्षपदाचे उमेदवार गारफिल्ड यांच्या नावे एक पत्र छापून आलं: चिनी मजूर येऊ द्या, अशा अर्थाचं. पत्र बनावट होतं. गारफिल्ड जिंकले, पण कॅलिफोर्निया दीडशेहून कमी मतांनी हातचं गेलं. त्यानंतर चिन्यांची बाजू घ्यायची कुणाची छाती होती?

गिरणगावकर: पाच कोटींचा हिशोब कशाला? बहुतेक चिनी पश्चिमेलाच होते. आणि पूर्वेचंही ऐका. १८७०मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या नॉर्थ ॲडम्समध्ये जोड्यांच्या कारखानदाराने संप मोडायला कॅलिफोर्नियातून पंचाहत्तर चिनी आणले. माझे आजोबा गिरणीत होते. संपात बाहेरची माणसं आत घेतली की काय वाटतं, ते घरात ऐकलंय. भीती खोटी नव्हती हो.

ओसरीवाला: मग राग कारखानदारावर काढा ना! १८६७च्या जूनमध्ये सेंट्रल पॅसिफिक रेल्वेच्या चिनी मजुरांनीच पगारवाढीसाठी संप केला. कंपनीने शिधा तोडला, आठवड्यात संप बसला. आणि ‘चिनी गेलेच पाहिजेत’ म्हणून सॅन फ्रान्सिस्को पेटवणारा डेनिस कर्नी कुठला? आयर्लंडहून आलेला!

चहाबाज: सगळीकडे वंशद्वेष शोधू नका. १८८३ साली आपल्या आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या, फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. कुणी अडवलं?

ओसरीवाला: आनंदीबाई चिनी कधी झाल्या? कायद्यात नाव चिन्यांचंच होतं. त्यातही बंदी मजुरांना, व्यापारी-विद्यार्थ्यांना सूट. पण त्याच कायद्यात एक कलम आहे: यापुढे कुठल्याही कोर्टाने चिनी माणसाला नागरिकत्व देऊ नये. व्यापारी असला तरी नाही. मजुरीचाच प्रश्न होता तर हे कलम कशाला?

गिरणगावकर: हे कलम ध्यानात नव्हतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण नुसती मतंच मोजायची तर गारफिल्डनंतर अध्यक्ष झालेल्या आर्थरनी आधीचं वीस वर्षांच्या बंदीचं विधेयक परत का पाठवलं?

ओसरीवाला: चीनशी १८८०चा तह होता (मजुरांवर वाजवी मर्यादा चालेल, पूर्ण बंदी नाही), व्यापार होता, म्हणून. वीसची दहा केली आणि ६ मेला त्याच आर्थरनी सही ठोकली. १८९२ला मुदत पुन्हा वाढली. कायदा रद्द झाला थेट १९४३ला, चीन युद्धात दोस्त झाल्यावर.

गिरणगावकर: दोस्त झाल्यावर तरी किती घेतले?

ओसरीवाला: वर्षाला १०५.