प्रतिसाद: देवराई आणि वनहक्क

देवराया (देवाच्या नावाने राखलेली जंगलं) श्रद्धेमुळे टिकल्या, कायद्याने जंगल वाचत नाही, असं या चर्चेत म्हटलं गेलंय. पहिला अर्धा भाग मान्य. दुसऱ्याला चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव आडवं येतं. गोंडपिपरी तालुक्यातल्या या छोट्या, बहुतांशी गोंड वस्तीच्या गावाला २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. १९२७ च्या वन कायद्यात तेव्हा (२०१७ च्या दुरुस्तीपर्यंत) बांबू म्हणजे झाड होतं, त्यामुळे मालकी वनखात्याची. २००६ च्या या वनहक्क कायद्याने मात्र तो गौण वनोपज (लोकांना गोळा करून विकता येणारं जंगलातलं उत्पन्न) ठरवला, आणि ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. मजुरी गावातच मिळू लागल्यावर (हे न्यायाचं अंग आपण चर्चेत फारच पटकन ओलांडतो) लोकांनी काय केलं? तेंदूपत्ता (विडीसाठीची पानं) तोडणं बंद केलं! चांगला पाला फुटावा म्हणून झुडपं छाटतात, आगी लावतात, त्यात जंगलाचं नुकसान होतं आणि टेंभरं (तेंदूची फळं) खायला मिळत नाहीत, म्हणून. आपल्या हद्दीतला काही भाग तर त्यांनी नव्याने देवराईसारखा राखून ठेवला.

म्हणजे देवराई आजही, ग्रामसभेच्या ठरावानेही, उभी राहू शकते. त्यामुळे ‘लोकांची श्रद्धा आटली’ अशी हळहळ करण्याआधी आपापल्या तालुक्यात सामूहिक वनहक्काचे किती दावे पडून आहेत ते विचारून बघा. ती माहिती इथे टाकलीत तर चर्चा पुढे सरकेल.