ट्रॉलीच्या एका बाजूला अक्षरं आरशातल्यासारखी उलटी येतायत

रेडियमवाला पलूस
मंडळी, पलूसला माझं रेडियमचं दुकान आहे. नंबरप्लेट, ट्रॉलीची नावं, बुलेटच्या टाक्या, हेच रोजचं काम. कोरल ड्रॉ हातात बसलंय, गिंप हे चित्रांचं सॉफ्टवेअर नवीन. सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात ट्रॅक्टर आणि उसाची ट्रॉली विकत घेतली. मॉडिफाय म्हणजे बदल करायची परवानगी आहे, टेम्प्लेटची पीएसडी (थरांची चित्रफाइल) पण मिळालीय. आता ती ट्रॉली आपल्याकडच्यासारखी सजवायचीय. निळा रंग, फाळक्यावर पिवळे-लाल पट्टे, मागं एमएच १० चा नंबर, आणि दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरात ‘नाद करायचा नाय’.

डाव्या बाजूला झकास दिसतंय. उजव्या बाजूला तेच उलटं! त्यात श्रीलिपीच्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर गिंपमध्ये चिकटवला की नुसता कचरा येतो. युनिकोड फॉन्टनं जोडाक्षरं नीट येतात, पण अक्षराला ट्रॉलीचा बाजच नाही, सरकारी नोटीस वाटते. आणि अक्षरांच्या कडेला पांढरी किनार दिसते, शिवाय ठरावीक कोनातून बघितलं तर फाळक्यातून मागचं चाक आरपार दिसतं. प्रत्येक अपलोडला १० लिंडन डॉलर (तिथलं चलन) जातात. रक्कम किरकोळ आहे, पण दुकानात मी नमुना दाखवल्याशिवाय कापत नाही, इथं उलटंच चाललंय.

कऱ्हाडचा गडी
आमचा एमएच ५० टाका, आपोआप सरळ होईल 😀

बरं, कामाचं सांगतो. अपलोड करूच नका आधी. टेक्श्चर, म्हणजे वस्तूवर चढवायचं चित्र, निवडायच्या खिडकीत ‘लोकल’ नावाचा पर्याय आहे. तिथं तुमच्या कॉम्प्युटरवरची फाइल जोडायची. गिंपमधून त्याच नावानं परत एक्स्पोर्ट केलं की ट्रॉलीवर आपोआप बदलतं. फुकट. फक्त तुम्हालाच दिसतं आणि बाहेर पडून परत आलात की जातं, पण नमुन्याला तेवढं बास.

मिरज मेश
दादा, अक्षरं उलटी येण्यात तुमच्या फाइलचा काही संबंध नाही. मॉडेल करणाऱ्यानं दोन्ही बाजूंना चित्राचा एकच तुकडा वापरलाय. त्यात जागा वाचते, पट्टे असतील तर कळत पण नाही. अक्षरं आली की बोंब. बहुतेक गाड्यांत हेच असतं.

आता एक बघा. एडिटमध्ये ‘सिलेक्ट फेस’ (फेस म्हणजे वस्तूचा एक पृष्ठभाग) घेऊन उजव्या बाजूवर क्लिक करा. ती एकटीच निवडली गेली तर सुटलात. त्या फेससाठी दुसरी फाइल करायची, तिच्यात फक्त अक्षरांचा थर आडवा उलटा करायचा, बाकी सगळं जागच्या जागी. टेक्श्चरच्या ‘फ्लिप’च्या नादी लागू नका, तो अख्खं चित्र उलटवतो आणि फाळक्याचे पट्टे चाकावर जाऊन बसतात.

दोन्ही बाजू एकदम निवडल्या गेल्या तर मात्र ट्रॉलीच्या चित्रात अक्षरं ठेवायचीच नाहीत. बाजूला पातळ प्रिम (सेकंड लाइफमधला साधा ठोकळा) लावायचा, जाडी ०.०१ मीटर, त्याच्या बाहेरच्या फेसवर अक्षरं, बाकीचे फेस पूर्ण पारदर्शक, आणि ट्रॉलीला लिंक. लिंक करताना ट्रॅक्टर शेवटी निवडा, रूट म्हणजे मुख्य भाग तोच राहिला पाहिजे. त्या प्रिमचा फिजिक्स शेप (धडकेसाठी धरला जाणारा आकार) ‘नन’ करा, नाहीतर गाडी विनाकारण जड होते.

आरपार दिसतंय ते अल्फामुळं, म्हणजे चित्रातल्या पारदर्शकतेच्या माहितीमुळं. ट्रॉलीच्या चित्राला पारदर्शकता लागतच नाही. इमेज फ्लॅटन करा, अल्फा चॅनल काढून टाका, मग पीएनजी. पांढरी किनार पण तिथंच जाईल. पातळ प्रिमच्या चित्राला अल्फा लागणारच, तिथं सगळा थर पिवळा भरा आणि अक्षरांचा आकार लेयर मास्कमध्ये (थराचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा साचा) ठेवा. एक्स्पोर्टच्या वेळी पारदर्शक पिक्सेलचे रंग जपायची खूण करा. मग अक्षराच्या कडेला पिवळ्याच्या शेजारी पिवळाच येतो.

श्रीलिपीचं तर तुम्हीच आम्हाला शिकवाल. कोरलमध्ये लिहा, कंट्रोल क्यू मारून कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात, पारदर्शक पीएनजी काढा. गिंपला ते चित्रच दिसतं, फॉन्टची भानगडच उरत नाही.

रेडियमवाला पलूस
कर्व्ह! अहो, कटिंग प्लॉटरला रोज कर्व्हच करून देतो. इथं सुचलंच नाही.

फेस वेगळे निघाले, उलटी फाइल लोकलमधून लावून बघितली, दोन्ही बाजू बरोबर. अक्षर पण आपलं वाटतंय आता. एकच खटकतंय. पीएसडीत सगळ्यात वर एक करडा सावल्यांचा थर आहे, त्यानं पिवळा मळकट होतो. काढून टाकू का? रेडियमवर कुठं सावली असते?

मिरज मेश
काढू नका. तो मल्टिप्लायवर (खालचा रंग गडद करणारा मोड) आहे, वरच राहू द्या. फाळक्याचे खिळे, पत्र्याच्या घड्या, कोपऱ्यातला अंधार सगळा त्यातच आहे. काढलात तर ट्रॉली कागदाची वाटेल. फार मळकट वाटलं तर ओपॅसिटी थोडी खाली घ्या, आणि पिवळा मुळातच जरा भडक घ्या.

साताऱ्याचा क्लीनर
मागं ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहा की राव. खऱ्या गाड्यांवर महाराष्ट्रात २०१५ ला बंदी आली, तिकडं कोण अडवतंय!

रेडियमवाला पलूस
ते ट्रकवाल्यांचं. ट्रॉलीवर आई-वडिलांचा आशीर्वाद असतो, तो टाकलाय.

मिरजकर, शेवटचं विचारतो. फाळक्याच्या खालच्या कोपऱ्यात पेंटर लोक आपलं नाव बारीक टाकतात ना, तसं दुकानाचं नाव टाकलं. नुसता ठिपका दिसतोय. २०४८ पिक्सेलच्या चित्रावर काम करून १०२४ ला आणलं तरी तेच.

मिरज मेश
अख्खी ट्रॉली त्या एका १०२४ मध्ये बसवलीय, त्या कोपऱ्याच्या वाट्याला पिक्सेल येणार तरी किती? नावासाठी वेगळा छोटा प्रिम करा आणि त्याला स्वतःचं चित्र द्या, २५६ बाय ६४ भरपूर झालं. बाजू २५६, १२८, ६४ अशाच मापात ठेवा, नाहीतर अपलोड होताना सिस्टीम आपल्या मनानं माप बदलते आणि बारीक अक्षर पहिलं मरतं. अक्षर जाड घ्या. मोबाइल नंबर टाकू नका, तो वाचायला ट्रॉलीला नाक लावावं लागेल.