कोल्हापूर ते नागपूर विमानाने नक्की किती वेळ? (अर्जंट)

परळकर: लवकर सांगा प्लीज, भाडं सारखं वाढतंय. आईबाबांना कोल्हापूरहून नागपूरला पाठवायचंय, तायडीकडे. एका साइटवर अंतर ७०१ किमी आणि वेळ १ तास २५ मिनिटं दाखवतंय आणि तिकीट बघायला गेलो तर साडेपाच तास! खरं कुठलं धरायचं? दोनदा पेमेंटपर्यंत जाऊन परत आलोय.

विमानवेडा: तारीख? एटीआर (ते पंख्याचं छोटं विमान) की जेट? थेट की मध्ये बदलायचंय? काहीच लिहिलं नाहीस. ७०१ म्हणजे नकाशावर ओढलेली सरळ रेघ, साइट तिला ताशी ५०० ने भागते, झालं. एटीआर साधारण त्याच स्पीडने जातं पण धावपट्टीपर्यंत रांगणं, वर चढणं, उतरायला नंबर लागणं हे कोण मोजणार? थेट असेल तर पावणेदोन ते दोन तास धर.

ठाणे_ते_कुठेही: ७०१ किमी तर समृद्धी महामार्ग! गाडी काढा, आठ-नऊ तासांत नागपूर.

विमानवेडा: काका, ते मुंबई-नागपूर.

रंकाळ्याकाठी: इमान कशाला, महाराष्ट्र एक्स्प्रेस हाय की. दुपारी बसायचं, दुसऱ्या दिवशी नागपूर, घरचा डबा खात. आणि आमचा उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ चा हाय, राजाराम महाराजांच्या काळातला, उगं हलक्यात घेऊ नका.

संत्रानगरी: अबे, म्हाताऱ्या माणसांना दिवस-रात्र गाडीत कोंबतं का कोणी? आणि जुनंच काढायचं तर १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची विमानं रात्री नागपुरात यायची, टपालाच्या थैल्या अदलाबदल करून परत जायची. मधोमध आहो ना आम्ही.

परळकर: अहो टपाल नाही, आईबाबा पाठवायचेत! २४ तारीख. तिकिटावर मध्ये हैदराबाद लिहिलंय.

विमानवेडा: मग हे आधी सांग ना बाबा. कोल्हापूर-हैदराबाद साधारण ४४०, तिथून नागपूर ४३०, म्हणजे पावणेनऊशेच्या घरात. उडायचे अडीच तास, बाकीचे तीन हैदराबादला खुर्चीत.

परळकर: तेच तर. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दीड तासाच्या वर एका जागी बसवत नाही.

पुष्पाताई: मग मधला थांबा बराच की रे, पाय मोकळे होतील, थेटमध्ये सलग दोन तास बसतील कसे? व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागून ठेव, आयत्या वेळी धावपळ नको. आणि एटीआर असेल तर चढायचा दरवाजा मागे असतो, मागची सीट घे, खिडकीची नको, वाटेकडची. आमच्या ह्यांना मी पुढची घेतली होती, सगळ्यांच्या पिशव्या चुकवत शेवटपर्यंत चालवलं बिचाऱ्यांना.

रंकाळ्याकाठी: त्यापरीस मुंबईवरनं न्या, दोन दिवस पोराकडं ऱ्हातील.

परळकर: चाळीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. हैदराबादच घेतोय, ताई, मागून दुसरी रांग, वाटेकडची. फक्त कार्ड बाबांचं आहे, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर गेलाय आणि ते फोन उचलत नाहीयेत.