इंग्रजी क्रियापदापुढे 'टू', 'फॉर', 'ॲट' की काहीच नाही? ओळखायचं कसं?

शब्दवेडी:
धाकट्या भावाला इंग्रजी शिकवतेय. साधा वर्तमानकाळ झाला, 'ही', 'शी' आले की क्रियापदाला 'एस' लागतो हेही पक्कं झालं, आता गाडी अडलीय ती क्रियापदाच्या मागून येणाऱ्या छोट्या शब्दांपाशी. 'शी लिसन्स टू म्युझिक' मध्ये 'टू' पाहिजे पण 'शी हिअर्स अ नॉइज' मध्ये काही नको, 'ही वेट्स फॉर द बस' म्हणायचं पण 'ही एक्सपेक्ट्स अ कॉल' मोकळंच. तो दर वेळी "का?" विचारतो आणि मला सांगता येत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात एबीसीडीच्या क्रमाने लांबलचक याद्या असतात, त्या पाठ होतात पण बोलताना ऐन वेळी काही आठवत नाही. एखादा असा धागा आहे का की तो धरला की निदान निम्मं तरी सुटेल? आणि 'लुक' चं काय करू, त्याला तर ॲट, फॉर, आफ्टर, इंटू सगळंच चालतं!

पारावरचा_मास्तर:
"का" चं उत्तर बहुतेक ठिकाणी मिळणार नाही आणि त्याला ते आधीच सांगून टाका, म्हणजे तो शोधत बसणार नाही. आपण तरी मराठीत काय करतो? रागावतो कोणावर, घाबरतो कोणाला, भांडतो कोणाशी, वाट बघतो कोणाची. रागाला 'वर' आणि भांडणाला 'शी' हे कोणी नियम म्हणून शिकवलं नाही, कानावर पडून पडून बसलं. इंग्रजीचंही तेच आहे.

पण मराठी माणूस नेमका कुठे अडखळतो हे मात्र आधीच सांगता येतं, कारण आपण आपला प्रत्यय उचलून तिकडे नेऊन ठेवतो. दोन ढीग करा. पहिला, मराठीत प्रत्यय आहे पण इंग्रजीत काही लागत नाही: विषयावर चर्चा करतो म्हणून 'डिस्कस अबाउट' येतं तोंडात, तिच्याशी लग्न करतो म्हणून 'मॅरी विथ', खोलीत शिरतो म्हणून 'एंटर इन', स्टेशनवर पोचतो म्हणून 'रीच ॲट'. बरोबर काय, तर 'दे डिस्कस द प्लॅन', 'शी एंटर्स द रूम', 'द ट्रेन रीचेस द स्टेशन'. आता गंमत बघा, 'रीच' च्या जागी 'अराइव्ह' घेतलं की लगेच 'ॲट' लागतो, 'द ट्रेन अराइव्ज ॲट द स्टेशन'. अर्थ तोच, क्रियापद बदललं की सोबती बदलला.

दुसरा ढीग बरोबर उलटा. आपण गाणी ऐकतो, फोटो बघतो, किल्ल्या शोधतो, मधे काही नाही. इंग्रजीत मात्र 'लिसन टू', 'लुक ॲट', 'लुक फॉर'. हे दोन ढीग भावाकडूनच भरून घ्या, प्रत्येक वेळी मराठी वाक्य शेजारी लिहायला लावा, छापील यादीपेक्षा कितीतरी पटकन डोक्यात बसतं.

रानवाट:
मास्तरांशी सहमत, त्यात एक भर. 'डिस्कस अबाउट' फक्त मराठीमुळे येत नाही, इंग्रजीतलं नामच आपल्याला फसवतं. नामाला तो छोटा शब्द लागतो, क्रियापदाला लागत नाही. 'अ डिस्कशन अबाउट मनी' बरोबर, पण 'वी डिस्कस मनी'. 'अ रिक्वेस्ट फॉर हेल्प', पण 'शी रिक्वेस्ट्स हेल्प'. 'एम्फसिस ऑन', 'कॉन्टॅक्ट विथ', 'एंट्री इंटू' ही सगळी नामं, आणि त्यांचीच क्रियापदं 'एम्फसाइझ', 'कॉन्टॅक्ट', 'एंटर' थेट कर्म घेतात. अशा जोड्या शेजारी शेजारी लिहून भिंतीवर लावा. मात्र सगळीकडे असं होत नाही हां, 'डिपेंड ऑन' चं नाम केलं तरी 'डिपेंडन्स ऑन' च राहतं.

आणि "का" ला उत्तर नसतं याचा पुरावा हवा असेल तर हा घ्या: ब्रिटनमध्ये 'दे प्रोटेस्ट अगेन्स्ट द डिसिजन' म्हणतात, अमेरिकेत सरळ 'दे प्रोटेस्ट द डिसिजन' चालतं. ब्रिटिश 'राइट टू मी' म्हणतो, अमेरिकन नुसतं 'राइट मी' पण म्हणतो. तर्काने ठरत असतं तर दोघांचं एकच झालं असतं.

चष्मेबहाद्दर:
'लुक' बद्दल. त्याला एका क्रियापदाची चार रूपं असं शिकवूच नका, चार वेगळी क्रियापदं समजा. 'लुक ॲट' बघणे, 'लुक फॉर' शोधणे, 'लुक आफ्टर' सांभाळणे, 'लुक इंटू' चौकशी करणे. मराठीतले चार शब्द समोर आले की गोंधळ राहत नाही. 'एस' कायम क्रियापदालाच चिकटतो, 'शी लुक्स आफ्टर हर फादर'.

याच्या पुढचा अवघड भाग म्हणजे 'इट' किंवा 'देम' कुठे ठेवायचं. 'ही टर्न्स ऑफ द लाइट' आणि 'ही टर्न्स द लाइट ऑफ' दोन्ही चालतात. पण लाइटच्या जागी 'इट' आलं की ते मधेच बसतं, 'ही टर्न्स इट ऑफ', दुसरा पर्याय नाही. उलट 'लुक ॲट' मध्ये 'इट' कधीच मधे येत नाही, 'ही लुक्स ॲट इट'. फरक ओळखायचा तर मोठ्याने म्हणून बघा: 'टर्न इट ऑफ' मध्ये 'ऑफ' वर चांगला जोर येतो, 'लुक ॲट इट' मध्ये 'ॲट' जवळजवळ गिळला जातो. मला तरी हा कानाचा उपाय नियमांपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

शब्दवेडी:
किती छान समजावलंत सगळ्यांनी, दोन ढिगांचं काम आजच सुरू करतो आम्ही! अजून दोन शंका आहेत. प्रश्न विचारताना तो छोटा शब्द शेवटी लोंबकळत ठेवला तर चालतो का, 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?' असा? कोणीतरी चूक आहे म्हणालं. आणि 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स २०१९' बरोबर आहे का?

पारावरचा_मास्तर:
पहिलं बेधडक चालतं, बोलताना सगळे तसंच बोलतात. 'ॲट व्हॉट आर यू लुकिंग?' कोणी म्हणालं तर ऐकणारा चमकेल. शेवटी ठेवू नये हा आक्षेप जुना आहे, कवी जॉन ड्रायडनने १६७२ मध्ये तशा वाक्यांना नावं ठेवली होती, नंतर शाळांमधून तो नियम म्हणून फिरत राहिला. इंग्रजी बोलणाऱ्यांनी काही तो पाळला नाही. उलट प्रश्नात तो शब्द गाळणं ही खरी चूक, 'हू आर यू वेटिंग?' म्हटलं की वाक्य अर्धवट राहतं, 'फॉर' पाहिजेच.

रानवाट:
दुसऱ्याचं मी सांगते. मराठीत "२०१९ पासून इथे राहतोय" हा वर्तमानकाळ, म्हणून आपण तोच काळ तिकडे नेतो. इंग्रजीत 'सिन्स' ने सुरुवात सांगितली आणि गोष्ट अजून चालू असली की 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर सिन्स २०१९' असं लागतं. नुसतं आता राहतो एवढंच सांगायचं असेल तर 'आय लिव्ह हिअर', वर्षाचा उल्लेख नको. आणि ओघात हेही सांगून ठेवा त्याला, की 'डिपेंड ऑन', 'बिलाँग टू', 'कन्सिस्ट ऑफ' यांना सहसा 'आयएनजी' लावत नाहीत, म्हणजे 'धिस बुक बिलाँग्ज टू मी', 'इज बिलाँगिंग' नाही.

चष्मेबहाद्दर:
नवीन क्रियापद भेटलं की डिक्शनरीत अर्थ बघून पान मिटू देऊ नका, शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरीत उदाहरणाच्या वाक्यांत तो सोबतचा शब्द बहुतेक वेळा ठळक छापलेला असतो. वहीत 'वेट' असं न लिहिता 'वेट फॉर समबडी' असंच लिहायला लावा.