मदत हवी आहे: रोहूच्या खाद्यात लसूण-हळद कशी द्यावी?

नमस्कार मंडळी. आमच्या शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ आहेत. थंडी पडली की रोहूच्या पोटावर लाल चट्टे उठतात, शेपटीचा पर कुरतडल्यासारखा होतो. तपासणीत एरोमोनास जिवाणू निघाला. अँटिबायोटिक द्यायची माझी अजिबात तयारी नाही, हा मासा लोकांच्या ताटात जातो. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान तर मत्स्यपालनात बंदच आहेत.

म्हणून आधीपासूनच खाद्यातून प्रतिकारशक्ती वाढवायची आहे. लसणातलं ॲलिसिन हे जंतू मारणारं द्रव्य ठेचल्यावरच तयार होतं आणि उष्णतेने जातं. त्यामुळे ताजा ठेचा थोड्या तेलात कालवून तयार गोळीखाद्याला चोळायचा, सावलीत सुकवायचा आणि लगेच वापरायचा, असं ठरवलंय. हळदीतलं कुरक्युमिनही तेलातच विरघळतं, म्हणून हळदही त्यातच.

किलोभर खाद्याला दहा ग्रॅम लसूण बरोबर होईल का? हळद किती? सलग द्यावं की मध्ये खंड ठेवावा? थंडीत मासा मुळात खातोच कमी, मग दिवाळीच्या आधीच सुरू करावं का? वासामुळे कटल्याने खाद्य सोडलं, असं कुणाचं झालंय का?

कडुनिंब जास्त झाला तर माशालाच बाधतो, त्यामुळे तो तूर्त नको. ज्यांनी स्वतःच्या तळ्यात करून पाहिलंय त्यांनी कृपया प्रमाणासकट सांगा.