एनडी फिल्टरने थरथर जात नाही, झाकली जाते

ड्रोनच्या कॅमेऱ्याला एनडी फिल्टर, म्हणजे भिंगात शिरणारा प्रकाश कमी करणारी गडद काच, लावला की चित्रणातली जेलीसारखी थरथर नाहीशी होते, या मताशी मी अर्धवटच सहमत आहे. ड्रोनच्या कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एकदम न टिपता ओळीओळीने वाचतो आणि तेवढ्यात कॅमेरा हादरला की सरळ उभ्या रेषा नागमोडी होतात. भर उन्हात शटर १/८०० सेकंदावर असेल, तर एनडी १६ हा फिल्टर चार स्टॉप प्रकाश कमी करून, म्हणजे प्रकाशाचा सोळावा हिस्साच आत सोडून, ते १/५० वर आणतो. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रणाला हे साजेसे असते आणि प्रत्येक फ्रेम किंचित पुसट झाल्यामुळे ती नागमोड डोळ्यांना खुपत नाही. हादरे मात्र तसेच राहतात.

म्हणून फिल्टर विकत घेण्यापूर्वी तो न लावता, शटर मुद्दाम वेगवान ठेवून, एका जागी स्थिर तरंगत एखाद्या इमारतीची उभी कड चित्रित करून पाहावी. माझ्या ड्रोनच्या चित्रणात ती कड लहरत होती आणि कारण निघाले एका पात्याच्या टोकाचा टवका, जो डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हता, पण नख फिरवल्यावर लागत होता. पाते बदलल्यावर कड सरळ दिसू लागली. फिल्टरच्या वजनाने गिंबलचा, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या फिरत्या आधाराचा, तोलही ढळू शकतो, त्यामुळे तो ड्रोन सुरू करण्याआधीच बसवावा. उत्पादकाने त्या मॉडेलसाठी सांगितलेल्या वजनापेक्षा जड काच तर नकोच.