अनुभव धागा : एक ते तीन वर्षांच्या मुलांचं जेवण आणि दुपारची झोप

तुळशीवृंदावन
दुपारचा दीड वाजलाय. समोरच्या गच्चीवर "हा घास काऊचा, हा घास चिऊचा" चाललंय आणि पोरगं डोळे चोळत रडतंय. जुन्या दुपारी आठवल्या, म्हणून धागा काढते.

ते रडणं भुकेचं नाही, झोपेचं आहे. पेंगुळलेलं मूल चावत नाही, घास गालात धरून बसतं. दीड वर्षाचं मूल सकाळी सातला उठलं की पाच-साडेपाच तासांत दमतं, म्हणजे साडेबाराला. मग पान साडेअकरालाच वाढायला हवं. आपल्याकडे मोठ्यांची पानं एकला मांडतात, तोवर मुलाच्या हातात बिस्कीट देतात आणि तिथेच सगळं बिनसतं. आधी झोपेची वेळ धरा, मग तिथून मागे मोजत जेवण लावा.

तुमच्याकडे काय जमतं, कुठे अडतं, लिहा.

शरबती गहू
कुकर लावलाय, पटकन लिहिते. सातला दूध १५० मिली, कपातून. साडेआठला नाश्ता. दहाला अर्धं केळं किंवा चिकूचा गर. साडेअकराला जेवण, साडेबारा ते अडीच झोप. तीनला दही किंवा मऊ थालीपिठाचा तुकडा. पाचनंतर चरायला काही नाही. सातला जेवण, सव्वाआठला अंथरूण. फळ आणि जेवण यांत दीड तास हवाच.

वरणभात
दूध दिवसाला ४०० ते ५०० मिली, त्याच्यावर नको. लिटरभर दूध पिणाऱ्या मुलाला भूक लागणार कधी? शिवाय दुधात लोह जवळजवळ नसतं आणि त्यातलं कॅल्शियम जेवणातलं लोह शोषू देत नाही. मूल गुबगुबीत दिसतं पण फिकट असतं, चिडचिडं असतं, झोपही नीट लागत नाही. वरणावर लिंबू पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. चहात बुडवलेलं बिस्कीट तर पूर्ण बंद. चहातलं टॅनिन लोहाच्या आड येतं.

पायरीवरची
@वरणभात अगदी बरोबर. आणि आज्यांनो, "वर्षाचा झाला आणि खाणं सोडलं" म्हणून घाबरू नका. पहिल्या वर्षात वजन जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते. वाढताना मोजून वाढा : वर्षाला एक मोठा चमचा, प्रत्येक पदार्थाचा. दीड वर्षाला दीड चमचा भात, दीड चमचा वरण, दीड चमचा भाजी. मागितलं तर परत. वीस-पंचवीस मिनिटांत पान उचला, मागे धावू नका.

दोन वेण्या
१४ महिने. दोन झोपा होत्या, आता सकाळची घेतच नाही आणि अकरालाच जेवता जेवता पेंगते. काय करू ताई?

तुळशीवृंदावन
@दोन वेण्या हा बदल १३ ते १८ महिन्यांत होतोच, दोन-चार आठवडे ओढाताणीचे जातात. सध्या जेवण पावणेअकराला द्या, झोप सव्वाअकराला. मग दर दोन-तीन दिवसांनी दोन्ही पंधरा मिनिटं पुढे सरकवा. लवकर उठली तर रात्री साडेसातलाच झोपवा. दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास भरले की पुरे. आणि पेंगत असताना घास भरवू नका, घशात अडकतो. बसवून, जागी असतानाच भरवायचं.

टाकी भरली का
नळाची मोटर लागली की उठतो आमच्याकडचा. सकाळी झोपवलं तर कचरागाडीचं गाणं. इंदूरला शांतता मिळणार कुठे?

शरबती गहू
@टाकी भरली का पंखा किंवा कूलर चालू ठेवा. एकसारख्या आवाजात बाकीचे आवाज बुडतात. खिडकीला जाड चादर. पाऊण तासाने चुळबुळ केली तर लगेच उचलू नका, झोपेची एक फेरी तेव्हाच संपते. दहा मिनिटं थांबा, बरेचदा परत लागते. पण साडेतीनच्या पुढे झोपू देऊ नका, नाहीतर रात्री दहापर्यंत टक्क जागं.

टाकी भरली का
चादर लावते. मोटर आता चारनंतर, सासूबाईंना सांगितलं.

मूगडाळ
खिचडीचं कोणी लिहिलं नाही! तांदूळ १ वाटी, मूगडाळ १ वाटी, पाणी ६ वाट्या, हळद, हिंग, मंद आचेवर पाच शिट्ट्या. वरून एक चमचा तूप. डाळ अर्धी वाटीच घालतात ते चुकतं. सारखी घाला.

लापशी घट्ट झाली की मूल नाकारतं, पातळ केली की पोटात नुसतं पाणी जातं. त्यावर मोडाच्या गव्हाचं पीठ : गहू रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, वाळवा, हलके भाजून दळा. शिजलेली लापशी बोट सोसेल त्याहून थोडी गरम असताना एक चमचा घालून ढवळा, दोन-तीन मिनिटांत सैल होते. मोडातलं द्रव्य पिठूळपणा तोडतं, म्हणून पाणी न घालता पातळ. मग एक उकळी काढा. उकळत्या लापशीत सुरुवातीलाच घातलं तर ते द्रव्य मरतं, उपयोग नाही. फार भाजलं तरी तेच.

पायरीवरची
मीठसुद्धा बघा. दिवसाला २ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमच्याचा तिसरा भाग, तेही सगळं धरून. पोह्यांवर शेव पडली की हिशेब गेला. शिवाय आपली लवंग-मिऱ्याची शेव तिखट. मुलाचे पोहे जास्त भिजवून, मिरची आणि शेव न घालता, दाण्याचं कूट घालून. अख्खे दाणे, फुटाणे, मखाणे पाच वर्षांपर्यंत हातात नकोत. द्राक्षं उभी चिरून चार फोडी.

गाडीची मागची सीट
दुपारी बाराला राजवाड्याहून परतताना दहा मिनिटांची डुलकी लागली की दुपारची झोप गेलीच. बाजार दहाला उरका किंवा चारनंतर जा. पाहुण्यांबरोबर रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत न्यावंच लागलं तर मूल घरून जेवून जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरापर्यंत झोपू देऊ नका, नेहमीपेक्षा तासभर जास्त पुरे, आणि दुपारची झोप अर्धा तास अलीकडे घ्या.

वरणभात
दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, वरचे पुढचे दात किडतात. रात्रीचं दूध जेवणानंतर कपातून, मग दात पुसून अंथरूण. आंगणवाडीत लोहाचं सिरप मिळतं, १ मिली, आठवड्यातून दोनदा. दुधासोबत नको. शी काळी होते, घाबरू नका.

दोन वेण्या
पावणेअकराला मेतकूट-भात दिला, सव्वाअकराला झोपली. दोन तास!! पण मेतकूट संपलं.

मूगडाळ
@दोन वेण्या वा! मेतकूट घरीच करा. हरभऱ्याची डाळ १ वाटी, उडीदडाळ अर्धी, तांदूळ आणि गहू पाव पाव वाटी, सगळं वेगवेगळं मंद भाजायचं, कारण उडीद आधी लाल होतो. धने-जिरे एकेक चमचा, मेथ्या पाव चमचा, सुंठ, हिंग, हळद. मोहरी-मिरची मुलांच्या डब्यात नाही. गार झाल्यावरच दळा, गरम दळलं तर वाफ धरून गुठळ्या होतात.

दोन वेण्या
मेथ्या पाव चमचाच ना काकू? कडू नाही ना होणार?

मूगडाळ
पावच. तांबूस होईपर्यंतच भाजा, काळ्या झाल्या की कडू.